गोष्ट नको, साबण सांगा

सिनेमातले जाणकार म्हणून ज्यांचा लौकिक असतो त्यांना एक प्रश्न वारंवार झेलावा लागतो. "लढाईचा एक इंग्लिश सिनेमा होता हो. पूल उडवायचा असतो, जर्मन असतात, आपल्यातलाच एक जण फितूर निघतो. काय बरं नाव त्याचं?" जाणकार हसतात. असे ढीगभर सिनेमे आहेत म्हणतात. नट सांगा, साल सांगा, ते नसेल तर निदान गोष्ट तरी धड सांगा. यातलं काहीच सांगता आलं नाही की टोमणा ठरलेला: नावसुद्धा लक्षात राहत नाही तर पाहता कशाला? हल्ली त्याला एक पुस्तीही जोडली गेलीय. फोनला विचारा, दहा सेकंदांत सांगेल, आमचं डोकं कशाला खाता?

यातला उद्धटपणा एक वेळ सोडून देऊ. पण हे म्हणणं मुळातच चुकीचं आहे. प्रश्न धूसर आहे अशी तक्रार करणाऱ्याला बहुतेकदा उलटा प्रश्न कसा विचारायचा तेच ठाऊक नसतं. 'गोष्ट सांगा' ही मागणीच घ्या. युद्धपटाच्या बाबतीत गोष्टीइतका निकामी पुरावा दुसरा नाही.

पुलाचंच बघू. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७), 'द ब्रिज ॲट रेमागेन' (१९६९), 'अ ब्रिज टू फार' (१९७७) यांच्या तर नावातच पूल आहे. 'फोर्स टेन फ्रॉम नॅव्हरोन'मध्ये (१९७८) पूल पाडायचा म्हणून वरचं धरण फोडतात. स्पॅनिश यादवीवरच्या 'फॉर हूम द बेल टोल्स'मध्ये (१९४३) गॅरी कूपर पूल उडवायला डोंगरात जातो. युगोस्लाव्हियात तर १९६९ या एकाच वर्षी दोन पूल उडाले. एक वेल्को बुलायिचच्या 'बॅटल ऑफ नेरेत्वा'त, त्यासाठी खराखुरा रेल्वेपूल खलास केला. दुसरा हायरुद्दीन क्रव्हावाचच्या 'द ब्रिज'मध्ये. याच नावाचा बर्नहार्ड विकीचा जर्मन सिनेमा त्याआधी दहा वर्षं येऊन गेला होता. छोटी तुकडी, अशक्य कामगिरी, वेळ थोडा, आत एक घरभेदी. या साच्यात किती सिनेमे ओतले गेले याची गणती नाही. म्हणजे विचारणाऱ्याने गोष्ट अगदी इत्थंभूत सांगितली, तरी जाणकार जिथे होता तिथेच राहणार.

आता त्याच माणसाला वेगळं विचारून बघा. पूल आणि बंदुका बाजूला ठेवा, आणखी काय दिसतंय? तो म्हणाला, "पोरं होती, शाळेतली. अंगावरचे कोट त्यांना मोठे होत होते." झालं, विकीचा 'द ब्रिज'. युद्ध संपत आलंय, वर्गातून उचललेली सात पोरं एका पुलावर उभी केलीत, आणि तो पूल त्यांचंच सैन्य उडवणार आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. "कैदी शीळ वाजवत येतात," म्हणाला, तर क्वाय. "ज्या इंजिनिअरने पूल बांधला त्यालाच उडवायला बरोबर घेतात," म्हणाला, तर क्रव्हावाच. माहिती काही वाढली नाही. फक्त जे गोष्टीच्या सारांशात कुणी लिहिणार नाही ते विचारलं.

याहून चांगलं उदाहरण मला ग्रिगोरी चुखराईच्या 'बॅलड ऑफ अ सोल्जर'चं (१९५९) वाटतं. गोष्ट सांगायची तर काय सांगणार? एक रशियन पोरगा रजा घेऊन आईला भेटायला निघतो, वाटेत गाडीत एक मुलगी भेटते, प्रेम जमतं न जमतं तोच ताटातूट. एवढ्यावर कुणाला काय ओळखू येणार? पण फिल्म सोसायटीत हा सिनेमा पाहिलेल्या माणसाला चाळीस वर्षांनी विचारलं, तर तो साबणाबद्दल बोलतो. आल्योशाने दोन रणगाडे निकामी केलेत. बक्षीस म्हणून पदक मिळतंय, तर तो म्हणतो, पदक नको, घरी जाऊ द्या, आईचं छप्पर गळतंय. रजा मिळते सहा दिवसांची. वाटेत आघाडीवर निघालेला एक अनोळखी सैनिक विनवतो, माझ्या बायकोला एवढी भेट दे. भेट म्हणजे साबणाच्या दोन वड्या. तुकडीचा सगळा साबण तेवढाच, तोही त्याच्या हातावर ठेवला जातो. आल्योशा पत्ता शोधत त्या घरी पोचतो, तर तिथे बाईबरोबर दुसराच पुरुष. तो साबण देतो, जिना उतरतो, परत वर जातो आणि साबण उचलून घेतो. मग त्या सैनिकाचा म्हातारा बाप शोधून वड्या त्याच्या हाती देतो. रणगाडा अनेक सिनेमांत आहे. दिलेला साबण परत उचलून आणणारा सैनिक मला दुसरा माहीत नाही.

साबणच का राहतो आणि गोष्ट का विरते, याला कारण आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ साली 'रिमेम्बरिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्याने उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि थोडे थोडे दिवस जाऊ देऊन त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा लिहवून घेतली. ती कथाही योगायोगाने लढाईचीच, भुतांच्या लढाईची. वाचकांनी कथा नुसती विसरली नाही, दुरुस्त केली. सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, साध्या वल्ह्याच्या होडीची बोट झाली, भुतं तर हळूहळू कथेतून गळूनच गेली. उरली ती इंग्रज घरात शोभेल अशी सरळ गोष्ट. मन कथेला आपल्या परिचयाच्या साच्यात बसवतं. म्हणजे विचारणारा जी गोष्ट सांगतो ती त्याने त्या सिनेमात पाहिलेली असेलच असं नाही. इतर वीस सिनेमे पाहून तयार झालेली ती सरासरी असू शकते. या रंधा मारण्यातून जो एखादा खडबडीत तुकडा निसटला, ज्याला कुठल्याच साच्यात जागा मिळाली नाही, तोच मूळचा असण्याची शक्यता जास्त. आणि जाणकार नेमका तोच तुकडा 'बाकीचं सोडा, मुद्द्याचं बोला' म्हणून उडवून लावतात.

त्यांच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद आहे, तो टाळून चालणार नाही. आठवण खोटं बोलते, दोन सिनेमे एकत्र करते, मग तुम्ही अस्तित्वात नसलेल्या सिनेमाच्या मागे धावत बसता. हे खरं आहे. बर्फ, दोरावरून जाणारा डबा, नॉर्वेतला कारखाना आणि शेवटी तळ्यात बुडणारी बोट, असं सगळं एका दमात सांगणारी माणसं भेटतात. असा सिनेमा नाही. डबा 'व्हेअर ईगल्स डेअर'चा (१९६८), त्यात रिचर्ड बर्टन आणि क्लिंट ईस्टवुड आल्प्समधल्या किल्ल्यात घुसतात. कारखाना आणि बोट 'द हीरोज ऑफ टेलेमार्क'मधली (१९६५), त्यात कर्क डग्लस आहे आणि जर्मनांचं जड पाणी आहे. पण यातून निघतं काय? विचारणाऱ्याने दोन खरे सिनेमे पाहिलेत आणि दोन्हींतलं त्याला नीट आठवतंय. गाठ फक्त चुकीची पडलीय. ती सोडवायला दोन-चार प्रश्न पुरतात. डब्यात मारामारी झाली तेव्हा खाली काय होतं? बोटीवर साधी माणसं, बायका-मुलं होती का? जर्मन लोक आपसात कुठल्या भाषेत बोलत होते? हा शेवटचा प्रश्न तर कुणीच विचारत नाही, आणि तो सोन्याचा आहे. 'द लाँगेस्ट डे'मध्ये (१९६२) जर्मन जर्मन बोलतात आणि खाली अक्षरं येतात. 'व्हेअर ईगल्स डेअर'मध्ये ते एकमेकांशी खुशाल इंग्रजीत बोलतात. इंग्रजी न कळणाऱ्या प्रेक्षकालाही दोन वेगळे आवाज कानावर पडल्याचं आठवतं.

उलट, जाणकारांच्या ज्ञानामुळेच ओळख चुकते असंही होतं. 'बॅटल ऑफ द बल्ज' (१९६५) घ्या. ती लढाई १९४४च्या डिसेंबरात आर्डेन्सच्या बर्फात झाली, हे इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. कुणी म्हणालं की रणगाड्यांची मोठी लढाई होती आणि सगळीकडे तपकिरी, कोरडं माळरान होतं, तर जाणकार 'बल्ज' ताबडतोब यादीतून काढून टाकणार. पण तो सिनेमा स्पेनमध्ये चित्रित झाला आणि त्यातली शेवटची लढाई खरोखरच कोरड्या माळावर आहे. जर्मन टायगर म्हणून धावतात ते स्पॅनिश सैन्याचे अमेरिकन एम-४७ रणगाडे. प्रेक्षकाने पडद्यावर जे होतं ते पाहिलं, जाणकाराने पुस्तकात जे होतं ते धरून ठेवलं. 'केलीज हीरोज'मध्ये (१९७०) याच्या उलट. तिथले टायगर बरेच हुबेहूब वाटतात, पण ते युगोस्लाव्हियातल्या टी-३४ रणगाड्यांवर पत्रे चढवून केलेले. रणगाड्यांचा नाद असलेला एखादा पोरगा "त्याची चाकं रशियन होती" म्हणाला तर त्याला येडा ठरवू नका. त्याने चित्रीकरणाचा देश सांगितलाय.

माझ्या एका मामांची हकिगत मुद्दाम सांगतो, कारण ती गोव्याची आहे. मामा म्हणायचे, 'गन्स ऑफ नॅव्हरोन'चा दुसरा भाग गोव्यात घडतो. घरातले सिनेमावेडे भाचे खो खो हसायचे. अहो मामा, दुसरा भाग म्हणजे 'फोर्स टेन', तो युगोस्लाव्हियात. पहिला ग्रीक बेटावरचा. गोवा कुठून आणलात? मामा म्हणायचे, "अरे, ग्रेगरी पेक होता, तो मिशीवाला दुसराही होता. माडाची झाडं मी ओळखणार नाही होय? आणि लढायला निघालेले सगळे म्हातारे, ढेरपोटे." यावर आणखी हशा. म्हातारे, ढेरपोटे लोक लढाईवर जातात असा सिनेमा कोण काढेल?

अँड्र्यू मॅक्लाग्लेनने काढला, १९८० साली. नाव 'द सी वुल्व्ज'. ग्रेगरी पेक आहे, डेव्हिड निव्हन आहे (हाच मामांचा मिशीवाला), आणि जोडीला रॉजर मूर. पेक आणि निव्हन ही 'गन्स ऑफ नॅव्हरोन'मधलीच (१९६१) जोडी, एकोणीस वर्षांनी म्हातारी झालेली. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, आणि मुळात खरी. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून मुरगाव बंदरात जर्मन जहाजांनी आसरा घेतलेला. त्यांतल्या 'एरेनफेल्स' जहाजावरून दोस्तांच्या बोटींचा ठावठिकाणा जर्मन पाणबुड्यांना कळवला जातो असा इंग्रजांना संशय. तटस्थ मुलखात फौज पाठवता येईना. तेव्हा कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतल्या, वय उलटून गेलेल्या, एरवी कंपन्यांच्या कचेऱ्यांत बसणाऱ्या साहेबांना या कामावर धाडलं. चिखल वाहणारी 'फीबी' नावाची एक संथ बार्ज कलकत्त्याहून वळसा घालून आणली. मंडळी आगगाडीने कोचीनपर्यंत येऊन तिच्यावर चढली. ९ मार्च १९४३च्या रात्री त्यांनी 'एरेनफेल्स'वर हल्ला केला, आणि जर्मनांनी आपली जहाजं आपणच बुडवली. जेम्स लीझरने १९७८ साली 'बोर्डिंग पार्टी' पुस्तक लिहिलं तेव्हा ही कामगिरी सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली. सिनेमाचं चित्रीकरणही गोव्यात झालं, म्हणजे माडसुद्धा खरेच.

आता मामांची साक्ष तपासून बघा. नट बरोबर, समुद्र बरोबर, माड बरोबर, म्हातारे आणि त्यांच्या ढेऱ्यासुद्धा बरोबर. 'दुसरा भाग' एवढंच चुकलं, आणि तीही चूक कुठून आली ते दिसतंच आहे: तीच जोडी पुन्हा पाहिली, मनाने नातं जोडून टाकलं. भाच्यांना दोन्ही नॅव्हरोन तोंडपाठ होते. म्हणूनच त्यांना 'सी वुल्व्ज' दिसला नाही. माड आणि ढेऱ्या ही नको ती माहिती म्हणून त्यांनी सोडून दिली, आणि त्या दोन गोष्टींवर कुणी पाच मिनिटं विचार केला असता तर उत्तर हातात होतं.

फोनमधल्या यंत्राला मी नावं ठेवत नाही. सिनेमा प्रसिद्ध असेल आणि तपशील ठसठशीत असतील तर ते खरोखर चटकन सांगतं. पण प्रश्न जितका धूसर, तितकं ते गाजलेल्या नावाकडे झुकतं; आणि आपण 'नाही, त्यात माड होते' म्हटलं की 'बरोबर आहे' म्हणून दुसरं गाजलेलं नाव पुढे करतं. त्याला विचारलेल्याचं उत्तर देता येतं. मामांना काय विचारायचं होतं ते त्याला सुचत नाही. कैदी आणि जर्मन पहारेकरी यांच्यात फुटबॉलचा सामना होतो असा सिनेमा सांगा, म्हटलं तर 'एस्केप टू व्हिक्टरी' (१९८१) समोर येणारच, त्यात पेले आहे. पण याच कल्पनेवरचा झोल्तान फाब्रीचा हंगेरियन सिनेमा त्याआधी वीस वर्षं, १९६१ साली आला होता, आणि त्यात शेवटी कैद्यांना गोळ्या घालतात. एक रंगीत, दुसरा कृष्णधवल. मग रंगावरून लगेच निकाल लागेल? आपल्याकडे नाही लागणार. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं, पण घराघरांतले संच पुढे कितीतरी वर्षं कृष्णधवलच होते. त्यांच्यावर पेलेसुद्धा कृष्णधवलच दिसला असता. तेव्हा "रंगीत होता का?" याआधी "टीव्ही कुठला होता तुमच्याकडे?" हे विचारावं लागतं. आणि 'हम दोनो' (१९६१) रंगीत होता असं एखादा तरुण शपथेवर सांगू लागला, तर तोही खोटं बोलत नसेल. २०११ साली तो रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला.

जाता जाता एक. हिंदी युद्धपटांबद्दल हे प्रश्न फार कमी येतात. चेतन आनंदचा 'हकीकत' (१९६४) पाहिलेल्याला नाव आठवलं नाही तरी मदनमोहनची चाल गुणगुणता येते, आणि गाण्यावरून सिनेमा हाताशी लागतो. परदेशी सिनेमाला ही सोय नाही. तिथे शीळ, साबण, माड यांनाच गाण्याचं काम करावं लागतं.

'नाव आठवत नाही तर पाहता कशाला' या टोमण्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. नाव न आठवणाऱ्यांत कोण कोण असतं ते बघा. इंग्रजी पाट्या वाचता येईपर्यंत निघून गेलेल्या असायच्या असा सातवी-आठवीतला पोरगा. टीव्हीवर सिनेमा लागला तरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला मधेच उठणारी आई. कॅसेट भाड्याने आणलेल्या शेजाऱ्याच्या दारात उभं राहून अर्धा पाहिलेले चाळीतले सगळेच. खडकी-देवळालीच्या छावणीत मोकळ्यावर पडदा लावून दाखवलेला सिनेमा मागच्या बाजूने, उलटा पाहणारी जवानांची मुलं. यांनी सिनेमा कमी पाहिला नाही. त्यांना तो पुरता पाहू दिला गेला नाही, तरीही त्यातला एक तुकडा त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. नट-दिग्दर्शकांची यादी पाठ असणाऱ्यापेक्षा हा प्रेक्षक मला अधिक गंभीर वाटतो. हसायचंच असेल तर त्याच्यावर नको.

आणि या कामाला लागणारी साधनं आपल्याकडे पडून आहेत. पुण्यात अलका आणि राहुल, मुंबईत रीगल, इरॉस, स्टर्लिंग, इथे कुठल्या आठवड्यात कुठला इंग्रजी सिनेमा चालू होता हे रोजच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत छापून येत होतं. "धाकटीच्या बारशाच्या आदल्या आठवड्यात पाहिला" एवढं कुणी सांगितलं, तर ग्रंथालयातल्या जुन्या फायलींवरून शोध पाच-सहा नावांवर येतो. फिल्म सोसायट्या सभासदांना कार्यक्रमपत्रिका पाठवत. जुन्या सभासदांच्या कपाटांत त्या अजून असतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाला द्याव्यात. आणि जाणकारांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी कुणी पुलाचा आणि जर्मनांचा सिनेमा विचारायला आला तर त्याला आधी बसवून घ्यावं, गोष्ट सांगू देऊ नये, आणि पडद्याच्या कडेला काय होतं ते विचारावं.